खरं सांगा, आवडता सिनेमा कोणता?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळानं एक खेळ घेतला. तिळगूळ वाटून झाला, वाण लुटून झालं, उखाणेही झाले. मग एकीनं टूम काढली, की प्रत्येकीनं आपला सर्वांत आवडता सिनेमा सांगायचा. झालं! जणू दहावीची तोंडी परीक्षाच सुरू झाली. शाळेत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘श्यामची आई’. बँकेतल्या वहिनी म्हणाल्या, ‘श्वास’. एकीनं ‘दो आँखें बारह हाथ’ सांगितला. माझी पाळी आली तेव्हा मीही मान ताठ करून सांगितलं, ‘उंबरठा’. सगळ्यांनी माना डोलावल्या. समाजकार्य करणाऱ्या बाईला शोभेल असंच उत्तर होतं ते!

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या सत्तरीच्या एक काकू मात्र गालातल्या गालात हसत होत्या. म्हणाल्या, “अगं पोरींनो, हे झाले सगळे सांगायचे सिनेमे. बघायचे कुठले ते सांगा की!”

क्षणभर सगळ्या गप्प. आणि मग जो हशा पिकला, तो काही केल्या थांबेना. कारण काकूंनी बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. काकूंनीच सुरुवात केली, “माझा ‘जय संतोषी माँ’. सात वेळा पाहिलाय!” मग काय, कबुलीजबाबांची रांगच लागली. ‘श्यामची आई’वाल्या बाईंनी सांगितलं, की १९८६ मध्ये आलेल्या ‘नगीना’तल्या श्रीदेवीचा नाच त्या दार लावून कपाटाच्या आरशासमोर करायच्या. बँकेतल्या वहिनींना जितेंद्र-श्रीदेवीचा ‘हिम्मतवाला’ आवडतो, तोसुद्धा गाण्यांतल्या त्या रंगीबेरंगी हंड्या-कळश्यांसकट. अंगणवाडीताई म्हणाल्या, “टीव्हीवर ‘सूर्यवंशम’ लागला, की आमच्याकडं भाजी करपलीच म्हणून समजा.”

पुन्हा माझी पाळी आली. मी हळूच म्हटलं, “माहेरची साडी.”

“अगंबाई! तुम्हीसुद्धा?” असं म्हणत एक, दोन, तीन... चांगले आठ-नऊ हात वर झाले. त्यातले निम्मे हात असे होते, की ज्यांनी पहिल्या फेरीत मोठी मोठी नावं घेतली होती.

घरी आले, साडीची घडी घातली, आणि मनात एकच विचार घोळत राहिला. आपल्याला एखादा सिनेमा आवडतो, यात लपवण्यासारखं काय असतं? चोरी नाही, लबाडी नाही, कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. मग एवढा अपराधीपणा कशाचा?

माझ्यापुरतं सांगायचं, तर तो अपराधीपणा मला कुठं लागला ते चांगलं आठवतंय. कॉलेजात बी.ए.च्या वर्गात असताना दोन दिवसांचं चित्रपट रसग्रहण शिबिर झालं होतं. बाहेरगावहून एक व्याख्याते आले होते. त्यांनी सुरुवातीलाच हाच प्रश्न विचारला. मी तालुक्याच्या गावातली साधी मुलगी, भाबडेपणानं खरं ते सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, “अरे वा! म्हणजे रुमाल घेऊन जायचे सिनेमे!” सगळा वर्ग हसला. ते काही वाईट मनाचे नव्हते, पण त्या दिवशी मी एक धडा शिकले, की आवडीला दोन कप्पे असतात. एक दाखवायचा, एक झाकायचा.

दाखवायच्या कप्प्यात मी ठेवला ‘उंबरठा’. आणि हे खोटं नाही हं, तो मला खरंच आवडतो. डॉ. जब्बार पटेलांनी १९८२ मध्ये केलेला, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा हा सिनेमा. सुखवस्तू घरातली सुलभा महाजन नवरा, मुलगी, सासर सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते, परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं, आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. स्मिता पाटीलचे ते डोळे! आठ मार्चच्या भाषणात मी सुलभाचं उदाहरण किती वेळा दिलं असेल, याला गणती नाही.

पण मटार सोलताना, पापड वाळत घालून दुपारी जरा पाठ टेकताना, घरात कुणी नसताना मोबाइलवर मी लावते तो ‘माहेरची साडी’! परवा पुण्याहून आलेल्या लेकीनं मला असंच पकडलं. मी पदरानं डोळे टिपत होते. “आई, तू रडतेयस? ह्याच्यावर?” तिचा तो ‘ह्याच्यावर’ अजून कानात आहे.

दिवे लागले तरी...

‘माहेरची साडी’ आला १९९१ मध्ये. विजय कोंडके दिग्दर्शक. अलका कुबल, विक्रम गोखले, उषा नाडकर्णी, रमेश भाटकर, अजिंक्य देव अशी मंडळी. मूळ गोष्ट राजस्थानी सिनेमाची, ‘बाई चाली सासरिये’ नावाच्या. पुढं तीच गोष्ट हिंदीतही ‘साजन का घर’ म्हणून आली, जुही चावलाला घेऊन. पण महाराष्ट्रात जे झालं ते मराठी ‘साडी’चंच. त्या काळात सर्वाधिक चाललेल्या मराठी सिनेमांत त्याची गणती होते.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तो थोडा उशिरा लागला. मी पाचवीत होते. आसपासच्या खेड्यांतून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या होत्या. डोक्यावर पदर, काखेत पोर, हातात शेंगदाण्याची पुडी. एरवी एकटीनं बाजारात जायचं तरी घरात चार वेळा विचारावं लागायचं. पण या सिनेमाला मात्र खुद्द सासवाच सुनांना घेऊन आल्या होत्या. ‘बाईनं बघावा असा सिनेमा’ म्हणून पुरुषांनीही परवानगी दिलेली!

आम्ही तिघी होतो. आई, मी आणि आजी, म्हणजे आईची सासू. आजी घरात जमदग्नीचा अवतार. पण पडद्यावर उषा नाडकर्णी दिसल्या, की आजी कडाकडा बोटं मोडायची. “मेली, हिला काही वाटतं का? पोरीला खाऊन टाकेल!” आई मान खाली घालून ऐकायची. मला तेव्हा काही कळलं नाही. आता आठवलं की हसूही येतं आणि पोटात कालवतंही.

शेवटी तर थिएटरात नुसता हुंदक्यांचा आवाज. कुणाचा पदर, कुणाचा रुमाल, कुणी लेकराच्या झबल्यालाच नाक पुसतंय. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाला आत आला, तरी आई उठेना. तिला घरी रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मी घाबरून गेले. तिचा हात ओढत म्हटलं, “आई, खोटं असतं ते.” ती काहीच बोलली नाही.

त्या रात्री आजीनं स्वतः चुलीपुढं बसून पिठलं टाकलं. आईला म्हणाली, “तू बस जरा.” दुसऱ्या दिवसापासून सगळं पहिल्यासारखं सुरू झालं, हेही खरं. पण ती एक रात्र मला अजून आठवते.

आहे काय त्या सिनेमात?

आता या वयात, चार चांगले सिनेमे पाहून झाल्यावर, ‘साडी’तले दोष मलाही दिसतात. संवाद भडक आहेत. दुःखाचा प्रसंग आला, की वाद्यं आधीच रडायला लागतात. दुष्ट माणसं एवढी दुष्ट, की त्यांना दुसरं कामच नाही, आणि नायिका एवढी सोशिक, की आपल्यालाच तिला गदागदा हलवावंसं वाटतं. त्याच्या यशानंतर माहेर, कुंकू, हळद, मंगळसूत्र अशा नावांच्या सिनेमांचं पीक आलं, त्यातले बरेचसे नुसतेच रडके होते. टीकाकार वैतागले, ते उगाच नाही.

पण तरीही मला वाटतं, बायका नुसत्या वाद्यांमुळं रडत नव्हत्या. जरा गोष्ट आठवून बघा. लक्ष्मीची आई बाळंतपणात जाते. बाप त्याचा दोष त्या तान्ह्या पोरीला देतो. ती अपशकुनी, पांढऱ्या पायाची. भाऊ तिच्यावर जीव टाकतो, पण बापाचं मन काही वळत नाही. लग्न होतं, सासरी छळ सुरू होतो. आणि शेवटी बाप पश्चात्तापानं माहेरची साडी घेऊन येतो, तेव्हा लेक राहिलेली नसते. आपल्याकडं अनेक घरांत रीत आहे, सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालायची. सिनेमाचं नाव त्या साडीचं आहे.

म्हणजे पाहा, आरडाओरडा सासू करते, आणि लक्षातही तीच राहते. पण गोष्ट सासूची नाहीच! गोष्ट बापाची आहे. सासर वाईट निघालं तर पोर कुठं जाईल? माहेरी. आणि माहेरचं दारच बंद असेल तर? हा प्रश्न त्या सिनेमाच्या पोटात आहे. भडक रंगात रंगवलाय, पण आहे. थिएटरातल्या प्रत्येक बाईला तो ठाऊक होता. कारण ‘दिल्या घरी सुखी राहा’ हे प्रत्येकीनं ऐकलेलं होतं, आणि त्याचा खरा अर्थही प्रत्येकीला कळलेला होता.

आणि हे काही सिनेमानं शोधून काढलेलं नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून हेच गात होत्या. सासुरवास, भावाची वाट बघणं, माहेरच्या वाटेवरची झाडं. भोंडल्याच्या गाण्यांत तर सासू, नणंद, जाऊ यांच्यावर मनसोक्त तोंडसुख घेतलेलं असतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. त्याला आपण मानानं लोकवाङ्मय म्हणतो, त्यावर प्रबंध लिहितो. मग पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि गाणाऱ्या बायका गप्प झाल्या. तेच दुःख पुढं थिएटरच्या अंधारात डोळ्यांतून वाहिलं, तर त्याला मात्र आपण ‘रडारड’ म्हणून मोडीत काढलं. असं का बरं?

काकूंच्या ‘जय संतोषी माँ’चं घ्या. १९७५ मध्ये, म्हणजे ‘शोले’ आणि ‘दीवार’च्याच वर्षी आलेला, अगदी कमी पैशांत केलेला सिनेमा. मोठे नट नाहीत, मारामाऱ्या नाहीत. अनिता गुहा देवी झाल्या होत्या, उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती होती. शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली, आणि बायकांनी थिएटरबाहेर चपला काढल्या! पडद्यावर देवी आली की फुलं आणि नाणी उधळली. काकू सांगत होत्या, “आम्ही गूळ-फुटाणे घेऊन बसायचो. सोळा शुक्रवार धरले होते ना!” त्या सिनेमातही काय आहे? सासरी जावांनी छळलेली एक सून, सत्यवती. तिचं ऐकून घ्यायला माणसांपैकी कुणी नाही, म्हणून ती देवीला सांगते. आंबट न खाता, गूळ-चण्यावर प्रसन्न होणारी गरिबाची देवी! स्वतःच्या घरात जिचं कुणी ऐकत नव्हतं, त्या बाईला पडद्यावर आपलं ऐकणारी कुणीतरी दिसली. याला ‘वाईट आवड’ म्हणायचं?

मुलांचा कल्ट, आयांची रडारड

लेकीशी यावरून माझा वादच झाला. ती आणि तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणी परीक्षा संपली की एकत्र बसून मिथुन चक्रवर्तीचा ‘गुंडा’ बघतात. कांती शहांचा, १९९८ चा सिनेमा. त्यात गुंड आपापली ओळख यमकात करून देतात, आणि ती यमकं अशी, की घरात चारचौघांत म्हणता येणार नाहीत. मी दहा मिनिटांत उठले. लेक म्हणाली, “आई, ते इतकं भंगार आहे ना, की भारी आहे!” इंजिनिअरिंगच्या पोरांनी तो पाठ केलाय म्हणे. त्याला ‘कल्ट’ म्हणतात.

मी म्हटलं, “हे बरं आहे गं! तुम्ही वाईट सिनेमा बघून हसलात, तर तुम्ही हुशार. आम्ही वाईट सिनेमा बघून रडलो, तर आम्ही अडाणी!”

ती जरा विचारात पडली. मीही पडले. कारण हसताना माणूस सिनेमाच्या वरच्या पायरीवर उभा असतो. ‘मला कळतंय हे वाईट आहे’ असं सांगत हसता येतं. रडायला मात्र खाली उतरावं लागतं, त्या पात्राच्या शेजारी जाऊन बसावं लागतं. तिथं शहाणपणाचा आव आणता येत नाही. म्हणून तर रडण्याची जास्त लाज वाटते. आणि शिवाय, पुरुषांच्या मारधाडीच्या सिनेमांना कुणी ‘पुरुषी बावळटपणा’ म्हणून हिणवलेलं मी तरी फारसं ऐकलं नाही. एक माणूस वीस जणांना लोळवतो, ते करमणूक. एक बाई वीस वर्षं सोसते, ते मात्र रडगाणं! यातलं जास्त खोटं कुठलं, तुम्हीच सांगा.

“माझं लक्ष्मीसारखं झालंय”

आता जरा गंभीर गोष्ट सांगते. आठवड्यातून दोन दिवस मी एका समुपदेशन केंद्रावर बसते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई आल्या. तिशीच्या आतल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. नाव, गाव सांगितलं आणि पुढं शब्दच फुटेना. आम्ही विचारतो ते ठरलेले प्रश्न विचारले. मारहाण होते का? पैशांची मागणी आहे का? त्या नुसतीच मान हलवत होत्या, हो पण नाही आणि नाही पण नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “ताई, तुम्ही ‘माहेरची साडी’ बघितलाय का? माझं त्यातल्या लक्ष्मीसारखं झालंय.”

मी म्हटलं, “बघितलाय. सगळा पाठ आहे मला.”

आणि मग बाई बोलायला लागल्या! तासभर बोलल्या. सासूचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. पण सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू आवाजात जे सांगितलं, ते माहेरचं होतं. दोनदा त्या माहेरी गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा वडील स्वतः परत पोहोचवून आले होते. ‘आता तेच तुझं घर’ म्हणून.

त्या दिवशी मला ‘उंबरठा’ उपयोगी पडला नाही, मैत्रिणींनो. सुलभाकडं शिक्षण होतं, नोकरी होती, उंबरठा ओलांडल्यावर पाय ठेवायला जागा होती. माझ्यासमोर बसलेल्या बाईकडं यातलं काहीच नव्हतं. तिच्या दुःखाला नाव द्यायला तिच्याजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे लोकांनी हिणवलेला एक रडका सिनेमा. मी तो बघितलेला नसता, किंवा बघूनही नाक मुरडलं असतं, तर ती बाई बहुतेक तशीच उठून गेली असती.

म्हणून सिनेमाची बाजू घेताना त्याचा खोटेपणाही सांगितलाच पाहिजे. ‘साडी’ प्रश्न खरा विचारतो, पण उत्तर चुकीचं देतो. लक्ष्मी सोसते, सोसते आणि मरते. मग सगळ्यांचे डोळे उघडतात. जणू बाईचं मोठेपण तिच्या मरणात आहे! हा सिनेमा आला तेव्हा सासरच्या छळाविरुद्धचं ४९८ अ कलम येऊन आठ वर्षं झाली होती. ते १९८३ चं. पण गोष्टीतल्या लक्ष्मीला त्याचा काय उपयोग? पुढं २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला, त्यानं बाईला राहत्या घरातून हुसकता येणार नाही असा हक्क दिला. ४९८ अ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतल्या कलमांनी घेतली. कायद्याचं दार असं हळूहळू उघडत गेलं. पण माहेरचं?

माहेरच्या साडीचाच आणखी एक अर्थ मला या कामात कळला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, आणि देशभर तो २००५ मध्ये मिळाला. पण आमच्याकडं अजूनही बहिणींना गाडीत घालून निबंधक कचेरीत नेतात, हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, बाहेर हॉटेलात जेवण देतात आणि एकेक साडी हातावर ठेवतात. बहिणीही खुशीनं सही करतात. का? तर माहेर तुटू नये म्हणून! साडी मिळते, वाटा जातो. कुणी दिग्दर्शकानं यावर सिनेमा काढावा, मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन. भडक असला तरी चालेल.

म्हणून आता आमच्या केंद्रावर बाई आली, की ठरलेल्या प्रश्नांत मी माझा एक प्रश्न घातलाय. तिच्या वडिलांना किंवा भावाला बोलावून घेते आणि सरळ विचारते, “हिला तुमच्या घरात राहायला जागा आहे का? हो की नाही?” पुष्कळ जण खाली बघतात. पण काही जण ‘आहे’ म्हणतात. ‘आहे’ म्हटलं, की त्या बाईचा चेहरा कसा बदलतो, ते मी इथं लिहून नाही सांगू शकत. आणि गंमत म्हणजे, माहेर पाठीशी आहे असं दिसलं की निम्म्या सासरांचा आवाजही खाली येतो!

तर, लाजायचं कशाला?

२०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हा आमच्या बचत गटाच्या बायका गाडी करून गेल्या होत्या. नऊवारी नेसून, गॉगल लावून! सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. तेव्हाही काही जण म्हणाले, हे म्हणजे मोठ्या पडद्यावरची मालिकाच. असेल बाई! पण परत येताना गाडीत दोन सख्ख्या जावा सात वर्षांनी एकमेकींशी बोलल्या, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

वाईट सिनेमाला चांगलं म्हणा, असं मी म्हणत नाही. ‘उंबरठा’ मोठा सिनेमा आहे आणि ‘साडी’ तेवढा मोठा नाही, हे मला कळतं. पण आवडीला परीक्षेचे गुण लावायचे नसतात. जो सिनेमा बघून आपल्याला रडू येतं, तो आपल्या आतल्या कुठल्या दाराला धक्का देतो, एवढं तरी बघावं. कदाचित त्या दारामागं आपण बरंच काही कोंडून ठेवलेलं असतं.

हे मला पक्कं कळलं ते गेल्या महिन्यात. आई चार दिवस राहायला आली होती, लेकही सुट्टीवर होती. रविवारी दुपारी मी सरळ टीव्हीवरच ‘माहेरची साडी’ लावला. चोरून नाही, अगदी दिवाणखान्यात! पहिला अर्धा तास लेक खिदळत होती. किती वेळा ‘ढॅण’ असं संगीत वाजतं ते मोजत होती. मग हळूहळू मोजणं थांबलं. शेवटच्या प्रसंगाच्या जरा आधी तिनं सिनेमा थांबवला आणि आजीकडं बघितलं. आजीचे डोळे वाहत होते.

“आजी, तू पहिल्यांदा बघितलास तेव्हापण एवढी रडली होतीस? आई सांगत होती.”

आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, “तेव्हा माझं माहेर बंद होतं ना. तुझ्या आईच्या आत्याच्या लग्नात मानपानावरून भांडण झालं. अण्णा जेवणावरून उठून गेले. म्हणाले, या घरची पायरी चढणार नाही. मग इकडच्यांनीही मला धाडलं नाही. सात वर्षं. सिनेमा बघताना मला वाटलं, माझे अण्णाही असेच येणार. मी मेल्यावर, साडी घेऊन.”

मला भांडणाचं माहीत होतं. लहानपणी ‘मामाकडं जायचं नसतं’ एवढं कळत होतं. पण थिएटरातल्या त्या रडण्याशी मी ते कधी जोडलंच नव्हतं. तीस वर्षांहून अधिक काळ मला वाटत होतं, आई सिनेमा बघून रडली.

“मग आले का ते?” लेकीनं विचारलं.

“आले की. पुढच्या वर्षी, मामाच्या लग्नाचं बोलवणं घेऊन. साडी आणली होती. हिरवी, बारीक काठाची.”

“मग?”

“मग काय! चहा टाकला. आणि नेसले साडी.”

“अजून आहे?”

“छे गं! नेसून नेसून पार विटवली. मऊ झाली, तेव्हा तिची दुपटी शिवली तुझ्या आईच्या बाळंतपणात. तूच गुंडाळलेली असायचीस त्यात.”

लेक काही बोलली नाही. जरा सरकून आजीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि तिनं थांबवलेला सिनेमा पुन्हा सुरू केला.